दाराचं कुलूप

आग लागली की बाहेर पडायचं हे दार नीट बघा. याला ना कडी, ना कुलूप. कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी आहे. अंगाचा भार पडला की दार बाहेर उघडतं. धुरात किल्ली शोधावी लागत नाही. असं दार कारखान्यात यायला फार माणसं जावी लागली.

२५ मार्च १९११, न्यूयॉर्क. शनिवार, सुटायची वेळ. बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या ट्रायँगल शर्टवेस्ट कंपनीत आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावर मशीनवर बसलेल्या मुली एका दाराकडे धावल्या. त्याला कुलूप होतं. कुणी कापड चोरून नेऊ नये, म्हणून एकाच वाटेनं, पिशव्या तपासून बाहेर सोडायची तिथली रीत. बंब आले, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ जीव गेले. बहुतेक कोवळ्या वयाच्या, परदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांतल्या मुली. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. शंभर वर्षं उलटली तरी हे वाचताना संताप येतो.

खाली रस्त्यावर फ्रान्सिस पर्किन्स उभ्या होत्या. त्यांनी मुली उड्या मारताना पाहिल्या. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. त्याआधीच न्यूयॉर्कनं कायदे बदलले होते: काम चालू असताना दाराला कुलूप लावायचं नाही.

नोव्हेंबर २०१२, ढाक्याजवळचा ताजरीन फॅशन्स हा कपड्यांचा कारखाना. आगीची घंटा वाजली, तरी कामगारांना मशीनवर बसून राहायला सांगितलं गेलं. किमान ११२ जण गेले. पाच महिन्यांनी ढाक्याजवळच्याच राणा प्लाझा या कपड्यांचे कारखाने असलेल्या इमारतीच्या भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक बंद झाली, कर्मचारी घरी थांबले. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कायद्यानं बांधलेला करार झाला. तपासनीस कारखान्यांत शिरले, कुलूप लागणारी दारं आणि सरकते जाळीचे दरवाजे काढायला लावले.

जिवाला धोका दिसला तर काम सोडून बाहेर पडणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारात लिहिलेलं आहे. पण रोजचा कोटा पुरा व्हायचाय, पगार कापला जाईल ही धास्ती आहे, आणि तेवढ्यात घंटा वाजते. मशीनवरची बाई आधी सुपरवायझरकडे बघते, मग दाराकडे.