मनगटावरची तीन बोटे

रात्रीचे आठ वाजत आले आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या पुरुष मेडिसिन वॉर्डात दिवसपाळीच्या सिस्टर रात्रपाळीच्या सिस्टरना ओव्हर देत आहेत, म्हणजे रुग्णांची माहिती सांगून वॉर्ड त्यांच्या हाती सोपवत आहेत. टेबलाशी बसून, रजिस्टर वाचूनही हे काम उरकता येते आणि गर्दीच्या दिवशी ते तसेच उरकले जाते. आज मात्र दोघी खाटेमागून खाट पुढे सरकत आहेत. सलाईन लावलेला हात सुजला आहे का, युरिन बॅग जमिनीला टेकली आहे का, दुपारचे जेवण ताटात तसेच राहिले आहे का, या गोष्टी खाटेशी उभे राहिल्याशिवाय कळत नाहीत.

सातव्या खाटेवर पक्षाघाताचा झटका आलेले आजोबा आहेत. उजवी बाजू लुळी पडली आहे आणि बोलणे नीट समजत नाही. काय दुखते, कुठे दुखते, हे त्यांना सांगता येत नसल्यामुळे ते शोधून काढणे हेच सिस्टरांचे पहिले काम आहे. रात्रपाळीच्या सिस्टर आजोबांच्या लेकीला विचारतात, “ताई, आज काही खाल्लं का बाबांनी?” लेक सांगते, “चार वाजता थोडा चहा दिला, सिस्टर. ठसका लागला होता, पण लगेच थांबला.” “बसवून दिलात की झोपूनच?” “झोपूनच.” सिस्टर रागावत नाहीत. त्या वेळेसह ही नोंद करतात, गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही असे लेकीला समजावतात आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनाही कळवतात.

पक्षाघातात अनेकदा गिळण्याचे स्नायू दुबळे होतात आणि घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला तोंडाने काही देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी करावी लागते. त्याला सरळ बसवून चमच्याने थोडे पाणी दिले जाते आणि ठसका लागतो का, आवाज ओलसर, घरघरता होतो का, हे पाहिले जाते. काही रुग्णांचा घोट तर ठसका न लागताच चुकीच्या वाटेने जातो. त्यामुळे ठसका थांबला म्हणजे धोका टळला, असे धरून चालत नाही.

आता सिस्टर आजोबांचे मनगट हातात घेतात. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे अंगठ्याच्या मुळाशी, नाडीवर टेकतात. स्वतःचा अंगठा त्या वापरत नाहीत, कारण अंगठ्यातही नाडी जाणवते आणि मोजणारीचेच ठोके रुग्णाचे म्हणून मोजले जाण्याची शक्यता असते. पक्षाघातामागे कधीकधी हृदयाची अनियमित लय असते, म्हणून येथे पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे पुरत नाही. पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. ठोके 88 भरतात. प्रौढ माणसात ते 60 ते 100 असणे अपेक्षित असते.

मोजणी झाली तरी सिस्टर मनगट सोडत नाहीत. बोटे तिथेच आहेत, नजर मात्र छातीवर गेली आहे. श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणसाचा श्वास नकळत बदलतो, म्हणून नाडी पाहत असल्यासारखे उभे राहून आणखी एक मिनिट श्वास मोजायचा, ही नर्सिंग शाळेच्या पहिल्या वर्षी शिकवली जाणारी रीत आहे. एका मिनिटात 18 श्वास. प्रौढांसाठी 12 ते 20 ही मर्यादा धरतात.

वॉर्डात सर्वाधिक टाळली जाणारी मोजणी हीच आहे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजन आणि नाडी दाखवतो, श्वास किती वेळा घेतला हे दाखवत नाही. शिवाय फुप्फुसात बिघाड सुरू झाला की शरीर श्वासाचा वेग वाढवून ऑक्सिजन बराच वेळ सांभाळून धरते. यंत्रावर 96 दिसत असताना रुग्ण मिनिटाला 26 श्वास घेत असू शकतो. ब्रिटनमध्ये 2012 पासून प्रचलित झालेल्या धोकासूचक गुणपद्धतीत श्वासाच्या 21 ते 24 या वेगाला 2 गुण आणि 25 किंवा त्याहून अधिक वेगाला 3 गुण दिले जातात, त्याचे कारण हेच. आपल्याकडे मात्र चार्टच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा लिहिलेला अनेकदा आढळतो. चौकट रिकामी असली तर डॉक्टर निदान विचारतात. अंदाजाने भरलेल्या चौकटीबद्दल कोणी विचारत नाही, आणि एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण सोपवणारी व्यवस्थाही या अंदाजाला तितकीच जबाबदार आहे.

दहा वाजता कूस बदलण्याची वेळ होते. लेक म्हणते, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, राहू द्या ना.” सिस्टर सांगतात, “ताई, एकाच कुशीवर राहिले तर माकडहाडाशी जखम होईल आणि ती भरायला महिने लागतील.” सिस्टर आणि वॉर्डातले मामा आजोबांखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उचलतात. ओढत नाहीत, कारण ओढताना त्वचा सोलवटते. पाठीशी उशी लावून शरीर साधारण 30 अंशांत कलते ठेवतात आणि पोटऱ्यांखाली दुसरी उशी सरकवतात, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. अशा रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलतात.

मग सिस्टर माकडहाडावरची त्वचा बोटाने दाबून पाहतात. दाबल्यावर रंग फिका पडून पुन्हा परतला, तर तिथला रक्तप्रवाह अजून ठीक आहे. लाली तशीच राहिली, तर बेडसोरची ती पहिली पायरी असते. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही, म्हणून त्या हाताची मागची बाजू टेकवून ती जागा शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हेही पाहतात. लाल झालेल्या जागी तेल चोळण्याची घरगुती सवय येथे अपाय करते, कारण आतल्या दुखावलेल्या पेशी त्याने आणखी चिरडल्या जातात.

लघवीचे माप तासाला 40 मिलिलिटर आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला किमान 30 तरी हवे, म्हणून तिथे काळजी नाही.

बारा वाजता श्वास 20. पहाटे चार वाजता 24. ऑक्सिजन 95, ताप 100.2. आजोबा शांत दिसत आहेत आणि लेकीला झोप लागली आहे. सिस्टर फोन उचलतात आणि डॉक्टरांना तिन्ही वेळचे आकडे क्रमाने सांगून दुपारी चार वाजताच्या चहाची पुन्हा आठवण देतात. डॉक्टर येतात, उजव्या छातीच्या खालच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकतात आणि छातीचा एक्स-रे लिहून देतात. औषधांसाठी आणि आहारासाठी नाकातून नळी घालण्याचे ठरते. सिस्टर खाटेचे डोके उंच करतात, हात धुतात आणि नळीचा ट्रे तयार करायला घेतात.