मालतीची जाई

माझ्या भावाच्या मुलीचं नाव जाई. आत्या मी, त्यामुळे बारशाला तिच्या कानात कुर्र करायचा मान माझा. पण पाळण्यापाशी येण्याआधी घरात काय झालं ते सांगते, कारण आजचा सगळा विषय त्यातूनच निघाला.

माझ्या आजीचं नाव मालती. पणतीला आजीचं नाव ठेवावं अशी माझ्या वडिलांची फार इच्छा. वहिनी मऊ आवाजात पण ठाम म्हणाली, "बाबा, मालती नको हो. एवढ्याशा बाळाला मालती अशी हाक मारवणार नाही मला. काहीतरी लहानसं, नवीन ठेवू या." रास मकर आली, पत्रिकेत अक्षर 'जा' निघालं आणि जाई ठरलं. बाबा हिरमुसले, पण बोलले काही नाही.

त्या रात्री मी सहज अमरकोश, तो जुना संस्कृत शब्दकोश, उघडला. त्यातल्या वनस्पतींच्या भागात, वनौषधिवर्गात, तीन शब्द शेजारी शेजारी बसलेत: 'सुमना मालती जातिः'. एकाच वेलीची तीन नावं. आणि ही 'जाती' म्हणजेच आपली जाई. म्हणजे बाबांना हवं होतं तेच नाव ठेवलं गेलं होतं, वहिनीला नको होतं तेच ठेवलं गेलं होतं, आणि दोघांनाही पत्ता नव्हता!

जातीची जाई कशी झाली? प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'त' झिजून जातो. 'जाति'चं 'जाइ' होतं, तिथून जाई. जुईचंही तसंच. मूळ शब्द यूथिका. यूथ म्हणजे समूह, कळप. ही फुलं झुपक्याझुपक्याने येतात म्हणून ते नाव. त्यातला 'थ' 'ह' झाला, सुरुवातीचा 'य' 'ज' झाला, पुढे मराठीत तो 'ह'ही गळला. हिंदीने मात्र जपला, म्हणून तिकडे जूही. मला स्वतःला 'त'चं गळणं हा या फुलावर भाषेने केलेला उपकार वाटतो. जन्मावरून माणसांच्या उतरंडी लावणारी 'जाती' आणि वेलीवरची 'जाती', संस्कृतात शब्द एकच. मराठीत फूल त्या शब्दातून सुटलं.

आता गंमत बघा. वहिनीला जाई 'नवीन' वाटतं आणि मालती 'जुनं'. प्रत्यक्षात मालती हा जसाच्या तसा उचललेला संस्कृत शब्द, तर जाई ओव्या गाणाऱ्या बायकांच्या तोंडात शतकानुशतकं घोळून गुळगुळीत झालेला. शंभर वर्षांपूर्वी शिकल्यासवरल्या घरांना मुलीचं नाव संस्कृत, भारदस्त हवं असायचं. जाई त्यांना फारच घरगुती वाटलं असतं. आज दोन अक्षरी नावांचे दिवस आहेत. सई, जाई, जुई, रेवा अशी हाक मारली की संपली, लघुरूप करायची गरजच नाही. मालतीचं मालू होतं, माली होतं.

मालतीच्या लोकप्रियतेमागे आणखी एक गोष्ट होती, ती आपण विसरतो. ती सगळीच नावं बारशात ठेवलेली नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरदेव अंगठीने नवं नाव लिहायचा आणि मुलगी त्या नावाची होऊन जायची. 'विभावरी शिरूरकर' या नावाने लिहिणाऱ्या लेखिकेला आपण मालतीबाई बेडेकर म्हणतो. त्या माहेरच्या बाळूताई खरे. विश्राम बेडेकरांशी १९३८ साली लग्न झालं आणि त्या मालती झाल्या. म्हणजे त्यांनी स्वतः निवडलेलं नाव वेगळं, आईबापांनी दिलेलं वेगळं आणि लग्नानंतरचं आणखी वेगळं. एका पिढीत मालती इतक्या का होत्या याचं उत्तर शोधताना पाळण्याइतकंच त्या तांदळाच्या ताटाकडेही पाहावं लागतं. ती पद्धत ओसरली आणि अशा नावांचा एक झरा आटला.

नावांच्या पुस्तकात जाईपुढे 'एक सुगंधी फूल' एवढाच अर्थ दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण त्यावरून कुणी नाव ठेवत नाही. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडाला कुसर फुलते. तीही याच कुळातली, पांढरीशुभ्र, वासाला गोड. मुलीचं नाव कुसर ठेवलेलं माझ्या ऐकिवात नाही. गवतात 'कुसळ' असतं ना, ते लगेच टोचतं. नाव ठेवताना आपण फूल बघत नाही, कान लावून बघतो, आणि त्या नावाची कोणती माणसं डोळ्यांपुढे येतात ते बघतो. मालती म्हटलं की वहिनीला नऊवारीतल्या, पाय दुखणाऱ्या आजी दिसत होत्या. यात फुलाचा काय दोष? शिवाय आज मालतीची वेल मागायला गेलात तर रोपवाटिकेत मधुमालती हातात ठेवतात, संध्याकाळी पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होत जाणारी. तिचा जाईशी काहीही संबंध नाही. नाव मागे पडलं, आणि त्याचं फूलही दुसरंच समजलं जाऊ लागलं.

एखाद्या सिनेमामुळे नाव चालतं, असंही म्हणतात. अमेरिकेत जॅस्मिन हे नाव १९९२ च्या 'अलादीन'मधल्या राजकन्येमुळे पसरलं, ही समजूत पक्की आहे. पण तिथे ते १९८० च्या दशकातच झपाट्याने वर चढत होतं. पडद्याने फार तर हातभार लावला. तो शब्द मुळात फारसी, यास्मिन, आणि त्या रूपात तो आपल्याकडच्या पारशी आणि मुसलमान घरांत कधीचा नांदतोय.

आणि मालती संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा बॅडमिंटन बघावं. इंडोनेशियात मोगऱ्याला मेलाती म्हणतात. हा आपलाच 'मालती' शब्द, समुद्रापार जाऊन थोडा वाकलेला. तिथे ते राष्ट्रीय फूल आहे आणि मुलींचं नावही. २०२० ची ऑल इंग्लंड स्पर्धा मिश्र दुहेरीत जिंकणारी जोडी होती प्रवीण जॉर्डन आणि मेलाती देवा ओक्ताविआंती. प्रवीण आणि मालती! आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकेवरच शोभावी अशी जोडी, आणि स्मॅश मारत होती.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते खूश झाले, अमरकोशातली ओळ वहीत उतरवून घेतली. मग मी विचारलं, "आजीचं माहेरचं नाव काय होतं?" ते बराच वेळ गप्प राहिले. तिच्या भावाकडे तिला सोनी म्हणायचे, एवढंच त्यांना आठवत होतं. पाळण्यातलं नाव त्यांना सांगता आलं नाही. ज्याला ते इतके दिवस 'आईचं नाव' म्हणत होते, ते तिला माझ्या आजोबांनी दिलेलं.

बारशाच्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. मी वाकले, कुर्र केलं आणि कानात हळूच चार नावं सांगितली. सोनी आधी, मग सुमना, मालती, जाई.