अंगणातलं तळं

मे महिना, पहाटेचे साडेपाच. नागपूरचं ऊन अजून उठायचं आहे. काठावर पहिला आला तो बुलबुल, मागोमाग साळुंक्यांची जोडी. दुपारी पारा 45 अंशांपुढे गेला की या ओल्या दगडावर मधमाश्या पाणी प्यायला दाटी करतील.

तळं केवढं? आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मधोमध दोन फूट खोल. एका अंगाला मुद्दाम उतार ठेवला आहे. पाण्यात पडलेला सरडा तिथून चढून बाहेर येतो.

दुसऱ्याच उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं. कुणीतरी सांगितलं, मोरचुदाची पूड टाका. टाकली. पाणी निवळलं, आणि तिसऱ्या दिवशी गोगलगायी तरंगायला लागल्या. चतुराच्या अळ्या दिसेनाशा झाल्या. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

झालं असं, की मोरचुदातलं तांबं शेवाळाबरोबर गोगलगायींनाही मारतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. उन्हाळ्यात तो आधीच तुटपुंजा: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आणि कुजलेल्या शेवाळातलं खत पाण्यातच राहतं, म्हणून महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवं.

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि खत. आमच्याकडे खत वरून पडत होतं. फाल्गुन-चैत्रात कडुलिंब पानं गाळतो, ती सगळी तळ्यात. आता त्या दिवसांत वर जाळी ताणतो. कुंड्यांचं शेणखताचं पाणी वाहून येऊ नये म्हणून काठाला मातीचा बांध घातला. उन्हासाठी कुमुद लावली. तिच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं आहे. खाली हायड्रिला ही पाणवनस्पती वाढते, ती पाण्यातलं खत शेवाळाच्या आधी उचलते. फार माजली की उपटून काढायची. तंतूंचं शेवाळ काठीला गुंडाळून निघतं. ते रात्रभर काठावरच ठेवावं, त्यात अडकलेले जीव पाण्यात परततात.

उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटतं. भर घालताना नळाचं पाणी आधी टबात दिवसभर उघडं ठेवतो, क्लोरीन उडून जातो. छतावरचं पावसाचं पाणी मिळालं तर त्याहून बरं.

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "बुजवून टाका न हे डबकं, डेंगू होईल." त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांना पाण्यात वाकून बघायला सांगितलं. चतुराची अळी डासाच्या अळीला पकडत होती. डेंगूचा डास कूलरच्या टाकीत, टायरमध्ये, कुंडीखालच्या बशीत वाढतो, कारण तिथे त्याला खाणारं कुणी नसतं. त्या दिवसापासून त्यांचा कूलर दर आठवड्याला रिकामा करून घासला जातो.

गप्पी मासे सोडा, असंही सुचवलं जातं. बंद टाकीत ते उपयोगी आहेत. इथे मी सोडले नाहीत. ते बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातात.

जून. पहिला मोठा पाऊस पडून गेला. रात्रभर डराव डराव. सकाळी हायड्रिलाभोवती भेकाच्या अंड्यांच्या माळा गुंडाळलेल्या, पारदर्शक जेलीत काळे मणी. पिल्लं निघाली की दगडांवरचं शेवाळ खरवडू लागतील. तोवर काठी आणि जाळी दोन्ही कोपऱ्यात.