रंग शेवटी, मागचा अ‍ॅक्सल आधी: सिंगल-स्पीड आणि फिक्सी बांधताना

नमस्कार मंडळी. आज इथे आलेल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये फोटो आहेत, पिवळी रिम, पांढरी चेन, एकदम बारीक हँडल, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच की अशी सायकल बांधायची तर सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून. रंग, ग्रिप, टायर हे सगळं शेवटी. त्याची हौस मलाही आहे, पण सायकल नीट चालते की नाही, थांबते की नाही, हे ठरतं मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, म्हणून आज मी जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आधी फरक एकदा सांगून टाकतो. सिंगल-स्पीडला गिअर एकच, पण मागे फ्रीव्हील असतं, म्हणजे पायडल मारायचं थांबलं तरी सायकल आपली पळत राहते, आपल्या घरची काळी सायकल तीच. फिक्सीला फ्रीव्हील नाही, मागचा कॉग, म्हणजे दात्यांचं चक्र, हबला पक्का, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, उतारावरसुद्धा, वळणावरसुद्धा. पायांनी उलटा जोर दिला की सायकल हळू होते.

आणि हे काही पोरांनी परवा काढलेलं खूळ नाहीये बरं का. टूर द फ्रान्स 1903 ला सुरू झाली आणि ती सुरू करणारा ऑन्री देग्रांज हा गिअर बदलायच्या यंत्राच्या इतका विरोधात होता की टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. तोवर रायडर चढाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांचे कॉग असायचे, आणि मग चढायला लागायचे. आज ज्याला आपण फ्लिप-फ्लॉप हब म्हणतो, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, तो त्याच घराण्यातला. ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीच्या गोल धावपट्टीवर, तर आजही फिक्सच. जपानमध्ये 1948 साली कोकुरा शहरात केरिनच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या, त्यावर लोक अधिकृतपणे पैसे लावतात, त्यामुळे कुणाच्या सायकलमुळे कुणी जिंकला असं होऊ नये म्हणून फ्रेमपासून हबपर्यंत प्रत्येक पार्टवर एनजेएस या मान्यतेचा शिक्का लागतो, फ्रेम स्टीलची आणि हाताने बांधलेली. मला त्या शिक्क्यापेक्षा त्यामागचा विचार जास्त आवडतो, की यंत्र सगळ्यांचं सारखं आणि फरक फक्त पायांचा. आपल्याकडेही ट्रॅक आहे, बालेवाडीला वेलोड्रोम आहे, आणि 2019 साली जर्मनीत फ्रँकफर्ट ओडरला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये एसो आल्बेन, रोनाल्डो सिंग या आपल्या पोरांनी टीम स्प्रिंटचं गोल्ड आणलंय, फिक्स गिअरवरच. हे आपल्या सायकलवाल्या पोरांना माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

असो, फ्रेम. फ्रेम बघताना मागे वाका आणि अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच बघा. खाच आडवी असेल तर काम सोपं, कारण चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते. खाच उभी असेल, म्हणजे हल्लीच्या बहुतेक गिअरच्या सायकलींसारखी, तर चाक सरकत नाही. मग फ्रीव्हील लावून सिंगल-स्पीड करायची असेल तर चेन टेन्शनर बसवता येतो, पण फिक्सीला तो अजिबात चालत नाही, कारण पायांनी उलटा जोर दिला की चेनची खालची बाजू ताणली जाते आणि टेन्शनर तुटतो किंवा चेन उडते. म्हणून फिक्सीसाठी जुनी स्टीलची आडव्या खाचेची फ्रेम शोधा, आणि ती बाहेरून मागवायची गरज नाही, वाड्यात, जिन्याखाली, भंगारवाल्याकडे अशा फ्रेम पडलेल्या आहेत.

फक्त काळ्या सायकलीत दोन गोष्टी आधीच समजून घ्या. एक म्हणजे तिची रिम. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने दाबतात, त्यामुळे त्या रिमच्या कडा सपाट नसतात, तिथे कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमच्या कडांना दोन्हीकडून चिमट्यासारखा पकडणारा ब्रेक, लावला तर रबर धड टेकतच नाही. म्हणून कॅलिपर हवा असेल तर रिम बदलावी लागते. काळ्या सायकलीच्या 28 बाय दीडच्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर आणि हल्लीच्या 700 सी मापाच्या रिमचा 622, म्हणजे ब्रेकचे रबर साडेसहा मिलिमीटर आणखी खाली पोचायला पाहिजेत, ते मोजूनच लांब हातांचा कॅलिपर घ्या. दुसरी गोष्ट आरे. पुष्कळ जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, आणि बाजारातली रिम असते 36 भोकांची, तेव्हा रिम आणायला जायच्या आधी हबची भोकं मोजा. आणि बदलताय तर अ‍ॅल्युमिनियमची घ्या, आपल्या पावसात क्रोमच्या स्टील रिमवर ब्रेक नुसता घसरतो.

आता हब, म्हणजे मुख्य गोष्ट. ट्रॅक हबला दोन प्रकारचे आटे असतात. आतला आटा सरळ, त्यावर कॉग बसतो, आणि त्याच्या बाहेर थोडा लहान व्यासाचा दुसरा आटा, तो उलटा, त्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी रिंग. तुम्ही पुढे पायडल मारता तेव्हा कॉग घट्ट होत जातो, उलटा जोर देता तेव्हा तो सुटायला बघतो, पण सुटताना तो लॉकरिंगला ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेने लॉकरिंग घट्ट होतं. एवढी साधी युक्ती आणि त्याच्यावर अख्खा माणूस थांबतो, मला दरवेळी समजावताना नव्याने आनंद होतो.

आणि म्हणूनच आपल्याकडे सर्रास चालतं ते फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून फिक्स करणं, ते मला बघवत नाही. पन्नास-शंभर रुपयांत काम होतं, दिसायला फिक्सी दिसते, पुढे चालतेही छान. पण ते फ्रीव्हील हबवर बसलंय एकाच सरळ आट्यावर, मागे लॉकरिंग नाही, त्यामुळे उतारावर जोरात उलटा जोर दिला की अख्खं फ्रीव्हील हबवरून सुटायला लागतं, आणि ते कधी, तर नेमकं तुम्हाला थांबायचं असतं तेव्हा. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर ट्रॅक कॉग चढवला तरी तेच, आटा जुळतो म्हणून तो मस्त बसतो आणि लोक फसतात. लोकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद लावलंय, बीबीची, म्हणजे पायडलच्या बेअरिंगची रिंग लावलीय, असं कोणी सांगेल. माझं म्हणणं एवढंच की त्या सायकलला दोन्ही ब्रेक ठेवा आणि पायांवर थांबायचा भरवसा ठेवू नका, नाहीतर खर्च करायचाय तो हबवर करा आणि पेंट पुढच्या वर्षी.

हब आला की चेनलाइन. चेन पुढून मागे सरळ गेली पाहिजे, तिरकी नाही, कारण इथे एकच चेनव्हील आणि एकच कॉग, तिरकी असेल तर आवाज करेल, दाते खाईल आणि फिक्सीत उडाली तर चाक जाम. मोजायचं असं, फ्रेमच्या मधल्या रेषेपासून चेनव्हीलच्या दात्यांपर्यंत पुढे किती आणि कॉगच्या दात्यांपर्यंत मागे किती. ट्रॅकच्या सामानात हे माप 42 मिलिमीटर धरलेलं असतं, हब 120 मिलिमीटर रुंद असला तर त्याचं निम्मं 60, त्यातून लॉकनट, म्हणजे हबच्या टोकाचा नट, तिथपासून कॉगपर्यंतचे 18 वजा केले की 42. पुढचं जुळत नसेल तर बीबीचा अ‍ॅक्सल लांब-आखूड मिळतो, तो बदला. एखाद मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. आणि चेन कोणती हेही बघा, काळ्या सायकलीची जाड म्हणजे एक अष्टमांश इंच, गिअरच्या सायकलीची बारीक, तीन बत्तीसांश. जाड दात्यांवर बारीक चेन बसत नाही.

गिअर रेशो. यावर लोक तासन्‌तास भांडतात. पुढचे दाते भागिले मागचे दाते, एवढंच आहे. 46 पुढे, 17 मागे म्हणजे साधारण 2.7, 700 सी चं चाक एका फेरीत जवळपास 2.1 मीटर जातं, म्हणजे पायडलच्या एका फेरीत 5.7 मीटर, मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी 27 किलोमीटर. मुंबईत मरीन ड्राइव्हला हे झकास आहे. पुण्यात रोज चांदणी चौक किंवा कात्रजचा चढ असेल तर 44-18 घ्या, 2.44 येतो, गुडघे वाचतील. दुसऱ्याचा रेशो कॉपी करू नका, तुमचा रस्ता वेगळा, तुमचं वय वेगळं.

फिक्सीवाल्यांसाठी यातच अजून एक गंमत आहे. मागचं चाक लॉक करून घसरत थांबायची ज्यांना आवड आहे त्यांनी दाते निवडताना हे बघावं, 48-16 घेतलं तर भागाकार बरोबर 3, म्हणजे तुम्ही एकाच पायाने लॉक करत असाल तर टायर दरवेळी त्याच एका जागी घासणार आणि तिथेच फाटणार. 48-17 घेतलं तर ती जागा सतरा ठिकाणी वाटली जाते. वेगात फरक अगदी थोडा, टायर मात्र कितीतरी जास्त टिकतो. सतरा मूळ संख्या आहे म्हणून हे होतं, शाळेतलं गणित इथे असं उपयोगी पडतं.

चेन ताणताना मध्यावर बोटाने वर-खाली दाबून एखाद सेंटिमीटर हलली पाहिजे. चेनव्हील कधीच अगदी गोल नसतं, त्यामुळे पायडल फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथे माप घ्या. फार ताणली तर बेअरिंगचे छर्रे जातात, ढिली ठेवली तर उडते. आणि हे मात्र हात जोडून सांगतो, सायकल स्टँडवर घेऊन फिक्सीची चेन फिरत असताना फडक्याने पुसू नका. फ्रीव्हील नसल्यामुळे काही अडकलं तर चेन थांबत नाही, बोट चेन आणि कॉगच्या मध्ये जातं आणि तुटतं. घरात लहान मूल असेल तर ती सायकल भिंतीवर उंच टांगा.

ब्रेकबद्दल माझं मत पक्कं आहे, पुढचा ब्रेक हवाच. ट्रॅकवर ब्रेक नसतो कारण तिथे सगळे एकाच दिशेने फिरतात आणि मध्येच कुणी रिक्षा घालत नाही. इंग्लंडच्या नियमात फिक्स चाक हे मागचा ब्रेक म्हणून धरतात पण पुढचा ब्रेक वेगळा असावाच लागतो, मला ते अगदी बरोबर वाटतं. मागच्या चाकाची पकड ब्रेक मारताना कमी होते कारण वजन पुढे जातं, हे भौतिकशास्त्र आहे, कितीही मजबूत मांड्या असल्या तरी ते बदलत नाही.

इथे मागे बसलेल्या ताईंनी विचारलंय की फिक्सीवर सिंहगड करता येईल का. ताई, चढता येईल. 44-18 वर ताशी 8 च्या वेगाने चढलात तर मिनिटाला फक्त 26 फेऱ्या पडतात, म्हणजे प्रत्येक फेरी उभं राहून ढकलायची, मागे 20 किंवा 22 दात्यांचा कॉग टाकला तर बरं जाईल. खरा प्रश्न उतरताना आहे. 46-17 वर ताशी 50 चा वेग गाठला तर पाय मिनिटाला जवळपास 147 वेळा फिरतात, आणि पाय थांबवायची सोय नाही. म्हणून तुम्ही फ्लिप-फ्लॉप हब घ्या, दोन्ही ब्रेक लावा, 15 नंबरचा पाना खिशात ठेवा, आणि वर पोचलात की पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर चाक उलटं करून फ्रीव्हीलच्या बाजूने खाली या. नट घट्ट केलेत का ते दोनदा बघा, कॉग आणि फ्रीव्हीलच्या दात्यांत एकाचा फरक असेल तर अ‍ॅक्सल खाचेत तीनेक मिलिमीटर सरकतो, त्यामुळे ब्रेकचे रबर रिमला नीट लागतायत ना तेही निघायच्या आधी तपासा.