शनिवारी सुट्टी असलेली शाळा

(मंडळाच्या मेळाव्यात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार. समोर सोलापूरकर बरेच दिसतात, तेव्हा सोलापूरपासूनच सुरुवात करू.

आपली जुनी गिरणी १८७७ची. तिच्या दोनच वर्षं आधी, १८७५ साली, मुंबईत हायीम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, मुलांसाठी शाळा काढली. आडनावावरूनच गाव कळतं, अलिबागजवळचं किहीम. राजपूरकर, एरुलकर, दिवेकर ही नावंही कोकणातल्या गावांचीच. तिथे ही मंडळी तेलाचा घाणा चालवायची आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

शाळेचं मूळ या शनिवारातच आहे. मिशनच्या शाळांत ही मुलं आधीपासून जात होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं. म्हणजे ज्यूंची धर्मभाषा या मराठी ज्यूंना पद्धतशीर शिकवू लागले ते ख्रिस्ती लोक! शिक्षण उत्तम मिळे, पण सोबत बायबलचा आग्रहही असे. शनिवार पाळणारी, मराठी न सोडणारी आणि इंग्रजी शिकवणारी शाळा हवी असेल तर ती आपणच काढायला हवी, हे केहीमकरांनी ओळखलं. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननं पुढे पैशाची मदत केली.

वर्गातली खरी अडचण लिपीची. हिब्रूत बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. त्यातली पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. स्वर म्हणजे अक्षरांना जोडलेले ठिपके आणि रेघा. प्रार्थनेच्या पुस्तकात ते असतात, एरवीच्या लिखाणात नसतात. बाळबोधीत काना-मात्रा गिरवलेलं मूल ठिपके गेले की अडतं. मात्र त्या काळी मोडीही शिकवत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, संदर्भावरून शब्द ताडायचा. ती सवय असलेल्या मुलाला बिनठिपक्यांचा मजकूर कमी परका वाटत असणार. हा आमचा तर्क, पण मोडी वाचणाऱ्यांना तो पटेल. आजच्या हिब्रूतल्या ‘त्सादी’ या अक्षराचा उच्चार तर आपल्या ‘चांदणं’मधल्या च सारखाच आहे. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी असं वाढलेल्या सोलापूरच्या पोराला यात काही नवल वाटणार नाही.

नुसतं हिब्रू वाचता येऊन भागत नाही, अर्थ कळावा लागतो. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायचं हग्गादा हे पुस्तक मुंबईत १८४६ सालीच मराठी भाषांतरासह छापलं गेलं होतं. प्रार्थनांच्या भाषांतराचं मोठं काम जोसेफ इझिकेल राजपूरकरांचं. ते १८६१पासून सुमारे चाळीस वर्षं मुंबईतल्याच डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते.

आता देशाकडे वळू. १९०५ साली बंगालच्या फाळणीवरून स्वदेशीची चळवळ पेटली. त्याच साली रिबेका रूबेन ही बेने इस्राएल मुलगी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली. मुलीनं पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ. १९१६ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा जिनांच्या हाताखाली काम करणाऱ्या वकिलांत बेने इस्राएल समाजातले एरुलकर होते. पुढच्याच वर्षी समाजात दोन संस्था निघाल्या. एक राष्ट्रीय चळवळीकडे झुकलेली, दुसरी राजकारणापासून लांब राहणारी. आपल्याकडे मंडळं फुटतात तशीच, फक्त मुद्दा जास्त गंभीर होता.

१९२२ साली रिबेका रूबेन केहीमकरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५०पर्यंत राहिल्या. हे सन नीट पाहा. सोलापूरचा मार्शल लॉ, चार हुतात्म्यांची फाशी, ‘चले जाव’, फाळणी, स्वातंत्र्य, १९४८ साली इस्राएलची स्थापना, सगळं एकाच मुख्याध्यापिकेच्या कारकिर्दीत. १९३०च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. पुढे कुटुंबं इस्राएलला निघाली आणि बाक रिकामे झाले. १९५१च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार ज्यू होते, ते वेगानं कमी झाले. माझगावच्या त्या शाळेत नंतर बहुतेक मुलं मुसलमान होती. शाळा मात्र बंद पडली नाही.

असा इतिहास लिहायला बसलात तर वार्षिक अहवालांच्या आधी जनरल रजिस्टर उघडा. अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. रजिस्टरात दाखल तारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि ‘सोडण्याचं कारण’ असे रकाने असतात. हा शेवटचा रकाना सालवार मोजला की स्थलांतर कधी वाढलं ते दिसतं. घोळ होतो तो नावांत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर कागदावर सामाजी हसाजी दिवेकरही असतात. न ओळखणारा त्यांची दोन माणसं करतो. शिवाय हे लोक सिनेगॉगला मशीद म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. जुन्या कागदात ‘मशिदीजवळची शाळा’ दिसली की लगेच उर्दू शाळा समजू नका.

दुसरी चूक आडनावाची. इंग्रजी नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नावच आडनाव म्हणून येतं, डेव्हिड सॉलोमन असं, आणि गावाचं ‘कर’ गळून जातं. म्हणून आधी जन्मतारीख जुळवा, नाव नंतर.

इस्राएलमधल्या लोद, अश्दोद, दिमोना इथे अजून मराठी बोलणारी घरं आहेत. तिथे कोणाच्या ओळखीचे असतील तर शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यांचे फोटो मागवा. दोन्ही बाजूंचे मागवा. शेरे कधी कधी मागच्या बाजूला असतात, आणि मोडीत असतील तर वाचायला आपल्यातली दोन माणसं तयार आहेत.