मागच्या बाकावरचा प्रश्न

मित्रहो,

उत्क्रांतीवर बोलायला उभा राहिलो की दोन प्रश्न हमखास येतात. "सर, ही शेवटी थिअरीच ना?" हा एक. आणि दुसरा, "माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून आहेतच कशी?" नवा शिक्षक होतो तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं मला हा दुसरा प्रश्न विचारला होता. तासाला दहा मिनिटं उरली होती. मी म्हणालो, "ते राहू दे, आधी आकृती काढून घे." मुलगा खाली बसला आणि वर्षभरात पुन्हा काही विचारायला उठला नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे.

त्याला जे सांगायला हवं होतं ते आधी सांगतो. माणूस आजच्या कुठल्याही माकडापासून झालेला नाही. चिंपांझी आणि आपण चुलत भावंडं आहोत. मूळ पुरुष एक, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही थोडा मागचा, आणि तिथून दोन घराणी वेगळी झाली. एक घराणं वाढलं म्हणून दुसऱ्यानं संपायला हवं असं काही नाही.

आणि थिअरी. बोलताना आपण "माझी एक थिअरी आहे" म्हणतो तेव्हा आपल्याला अंदाज म्हणायचं असतं. विज्ञानात अंदाजाला परिकल्पना म्हणतात. शेकडो निरीक्षणं ज्यात एका सूत्रात बसतात आणि वर्षानुवर्षं तपासूनही जे टिकतं, त्याला सिद्धांत हे नाव मिळतं. जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांतच आहे, आणि त्याच्याच भरवशावर शल्यविशारद हात धुऊन टेबलापाशी येतो. डार्विनचं पुस्तक १८५९ साली आलं, तेव्हा आनुवंशिकता नेमकी कशी चालते हे त्याला ठाऊक नव्हतं. डीएनएची रचना समजायला १९५३ साल उजाडलं. म्हणजे डार्विनला खोटं पाडण्याची पुरेपूर संधी पुढच्या प्रत्येक पिढीला मिळालेली आहे.

ती संधी कशी असते, हे एका उदाहरणावर सावकाश पाहू. घाई करायची नाही, कारण सगळी गोष्ट या एका उदाहरणात आहे.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या डीएनएच्या लांब धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. आपण सगळे एकाच पूर्वजाचे, असं म्हणताना ही एक जोडी कुठे गेली याचा हिशेब द्यावाच लागतो. एवढ्या जनुकांचा अख्खा गठ्ठा हरवला तर जीव जगणारच नाही. मग एकच वाट उरते. आपल्या पूर्वजांमध्ये कधीतरी दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असली पाहिजेत.

आता नीट लक्ष द्या. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक खास मजकूर असतो. डीएनएचा मजकूर ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत असतो; टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हापुन्हा लिहिलेली असतात. त्या भागाला टेलोमिअर म्हणतात आणि त्याची जागा टोकाला. मध्ये कुठेतरी सेंट्रोमिअर असतो. पेशी दुभंगताना गुणसूत्र तिथून ओढलं जातं, आणि तो एका गुणसूत्राला एकच असतो. दोन दोरखंड टोकाला टोक लावून सांधले तर सांध्यावर दोन्हींची टोकं सापडतील. तसंच इथे. पूर्वज एक असेल, तर माणसाच्या एखाद्या गुणसूत्राच्या ऐन मध्यभागी टेलोमिअरचा मजकूर सापडला पाहिजे, तोही एकमेकांकडे तोंड करून. शिवाय सेंट्रोमिअरच्या दोन जागा मिळाल्या पाहिजेत, त्यातली एक निकामी झालेली. हे सापडलं नसतं, तर समान पूर्वजाच्या कल्पनेला उत्तर देता आलं नसतं.

ते सापडलं. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र. १९९१ साली सांध्याची जागा हाती लागली. टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी असं वाचत यावं आणि एका ठिकाणी मजकूर उलटून सीसीसीटीएए, सीसीसीटीएए सुरू व्हावा. मजकूर तोच, फक्त डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून उलट वाचलेला; तिथे टीसमोर ए आणि जीसमोर सी असतो. दुसऱ्या, निकामी सेंट्रोमिअरच्या खुणाही त्याच गुणसूत्रावर आहेत. २००५ साली या गुणसूत्राचा संपूर्ण मजकूर प्रसिद्ध झाला. चिंपांझीची जी दोन गुणसूत्रं त्याच्याशी जुळतात त्यांना आता २ए आणि २बी असंच म्हणतात. हा सांधा इथे बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

त्याच २००५ सालच्या सप्टेंबरात हे गुणसूत्र कोर्टात साक्षीला आलं. ठिकाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हॅरिसबर्ग.

जवळच्या डोव्हर नावाच्या लहान गावातल्या शालेय मंडळानं ऑक्टोबर २००४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला होता. त्यानुसार नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला मुलांपुढे एक निवेदन वाचायचं ठरलं. डार्विनचा सिद्धांत ही वस्तुस्थिती नाही, त्यात पुरावा नसलेल्या जागा आहेत, 'इंटेलिजंट डिझाइन' हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे, आणि त्यासाठी अमुक पुस्तक शाळेत ठेवलेलं आहे. इंटेलिजंट डिझाइन म्हणजे, सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणा बुद्धिमान रचनाकारानं केलेली असली पाहिजे. रचनाकार कोण, हे सांगायचं नाही. अकरा पालक कोर्टात गेले. किट्झमिलर विरुद्ध डोव्हर या नावानं तो खटला ओळखला जातो.

रचनाकाराचं नाव का घ्यायचं नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९२५ साली टेनेसी राज्यानं सरकारी शाळांत मानवाची उत्क्रांती शिकवायला कायद्यानंच बंदी घातली होती. जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत कायम राहिला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या, कारण अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सरकारला कुठल्याही धर्माची तळी उचलता येत नाही. बंदी गेली तशी मागणी बदलली. उत्क्रांती शिकवा, पण शेजारी 'निर्मितीचं विज्ञान' म्हणून आमचंही शिकवा. लुइझियाना राज्यानं तसा कायदा केला आणि १९८७ मध्ये तोही सर्वोच्च न्यायालयात पडला. त्या वेळी नोबेल मिळालेल्या ७२ शास्त्रज्ञांनी मिळून न्यायालयाला निवेदन दिलं होतं.

डोव्हरच्या शाळेत ठेवलेलं पुस्तक म्हणजे १९८९ मध्ये पहिल्यांदा निघालेलं 'ऑफ पांडाज अँड पीपल'. पालकांच्या वकिलांनी त्याचे जुने कच्चे मसुदे प्रकाशकांकडून कोर्टामार्फत मिळवले, आणि बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेनं ते एकापुढे एक लावून वाचले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत 'क्रिएशन' आणि त्याचे भाईबंद शब्द सुमारे दीडशे वेळा आले होते. निकालानंतर त्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन' आलं. व्याख्यासुद्धा तीच राहिली, फक्त शब्द बदलला. एका मसुद्यात तर 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रपोनंट्स' घालताना जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेपूट तसंच राहून गेलं होतं: 'सीडिझाइन प्रपोनंटसिस्ट्स'. दोन नंबरच्या गुणसूत्रात सांध्याचा मजकूर शिल्लक राहावा, तसा हा कागदावर शिल्लक राहिला. पूर्वज कोण हे दोन्हीकडे सारख्याच खुणेनं कळलं.

मंडळाच्या बाजूचे मुख्य तज्ज्ञ होते मायकेल बीही, जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. शरीराची प्रतिकारयंत्रणा टप्प्याटप्प्यानं उत्क्रांत कशी झाली, याचं उत्तर शास्त्रीय वाङ्मयात नाही, असं त्यांचं म्हणणं. उलटतपासणीत वकिलांनी त्यांच्यापुढे त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं रचली. हे पुरेसं नाही, असं ते म्हणाले. विज्ञानाची ते करतात ती सैल व्याख्या घेतली तर फलज्योतिषही त्यात बसेल, हेही त्यांना मान्य करावं लागलं. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. भर कोर्टात, शपथेवर, प्रश्नांना सामोरं जाणं सोपं नसतं आणि ते सामोरे गेले. पण काय दाखवलं तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल, असं त्या कल्पनेला विचारलं तर उत्तर येत नाही. गुणसूत्राच्या बाबतीत ते उत्तर आधीच देऊन ठेवलेलं होतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

निकाल २० डिसेंबर २००५ ला आला, १३९ पानांचा. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीच नेमलेले. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि ते धर्मापासून वेगळं काढता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. पुस्तकाच्या प्रतींसाठी मंडळाच्या एका सदस्यानं आपल्या चर्चमध्ये पैसे गोळा केले होते आणि साक्षीत ते दडवलं होतं. धर्मनिष्ठेचा अभिमान सांगणारी माणसं वारंवार खोटं बोलली, हा विरोधाभास न्यायाधीशांनी निकालात नोंदवला. त्यानंतर त्यांना धमक्या आल्या, काही काळ संरक्षणात राहावं लागलं.

आता जे सांगणार आहे ते देवावर श्रद्धा असणाऱ्यांनी जरूर ऐकावं. गुणसूत्राची गोष्ट कोर्टात सांगणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक आहेत, चर्चला जाणारे. फिर्यादी पालकांतही चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारे होते. विसाव्या शतकात उत्क्रांती आणि आनुवंशिकी यांची सांगड घालणाऱ्यांत थिओडोसियस डोबझान्स्की होते, तेही श्रद्धावान ख्रिस्ती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली स्पष्ट म्हटलं की उत्क्रांती ही आता नुसती परिकल्पना राहिलेली नाही. यांच्यापैकी कुणाला आपला देव सोडावा लागला नाही. देव आहे की नाही, हा त्या कोर्टापुढचा प्रश्नच नव्हता. सरकारच्या पैशानं चालणाऱ्या शाळेत, विज्ञानाच्या तासाला, विज्ञान म्हणून काय सांगायचं, एवढाच होता. प्रार्थनेला बसलेल्या माणसाकडे कुणी पुरावा मागू नये, असं मला मनापासून वाटतं. पण तोच माणूस फळ्यापाशी येऊन "हे विज्ञान आहे" म्हणाला, की त्याला मुलांचा प्रत्येक प्रश्न घ्यावा लागेल.

आणि तिथेच डोव्हरमध्ये जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते निवेदन वाचायला नकार दिला. जाणूनबुजून विषयाचं विकृत चित्र मांडणार नाही, अशी त्यांच्या पेशाची आचारसंहिता आहे, ती त्यांनी पुढे केली. नोकरीवर गदा येऊ शकते हे ठाऊक असून लिहून दिलं. मग जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातले अधिकारी स्वतः वर्गात आले आणि त्यांनी मजकूर वाचला. उगमाबद्दल अधिक काही हवं असेल तर घरी आईवडिलांशी बोला, असं त्यात होतं. वर्गात चर्चा नाही. शिक्षक उत्तरं देणार नाहीत. वाचून झालं आणि अधिकारी निघून गेले.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं होती ती. त्यांच्यात कुणीतरी मागच्या बाकावर असेलच.

माझं बोलणं इथे थांबवतो. घड्याळात अजून अर्धा तास आहे, तो मुद्दाम ठेवलाय. मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू या. हं, विचारा.