कडेच्या पाच ओळी

नमस्कार. शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्या घरी शेती नाही पण भाजीची पिशवी घेऊन बाजारात जावं लागतं, अशा सगळ्या श्रोत्यांनो,

वांगी घेताना आपण वांगं उलटसुलट करून बघतो. कुठे टाचणीएवढं भोक दिसतंय का, ते पाहतो. तरी घरी येऊन चिरलं की आतून अळी निघतेच, आणि भरताचा बेत रद्द होतो. या अळीचं नाव शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. अंड्यातून बाहेर पडली की ही बया थोड्याच वेळात शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की बाहेरचं औषध तिला लागत नाही. म्हणून शेतकरी ती आत शिरायच्या आधीच गाठायची म्हणून दोन-तीन दिवसांआड फवारत राहतो. बांगलादेशात तर एका हंगामात ऐंशीच्या वर फवारण्या केल्याच्या नोंदी आहेत. ते वांगं शेवटी कुणाच्या तरी ताटात जातं, आणि त्याआधी ते फवाऱ्यातलं पाणी फवारणाऱ्याच्याच अंगावर उडालेलं असतं.

या अळीवरचा एक उपाय आपल्या जालन्यात तयार झाला. महिको या बियाणे कंपनीने मातीतल्या एका जिवाणूचा जनुक वांग्यात घातला. जिवाणूचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच आपलं बीटी. याच जिवाणूची पावडर सेंद्रिय शेतीवालेही फवारतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे या जिवाणूचं प्रथिन विरघळतं, आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. माणसाचं पोट आम्लधर्मी, शिवाय ते प्रथिन ज्याला चिकटतं ती जागाच आपल्या आतड्यात नाही.

ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीने या वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र ठिकठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपूरला झाली. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती आजतागायत उठलेली नाही. वांगं मूळचं आपल्याच भागातलं मानतात. जळगावचं भरिताचं हिरवं वांगं, कृष्णाकाठचं काटेरी वांगं, बांधावरची रानवांगी, एवढी विविधता इथे असताना घाई कशाला, हा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटला होता. पुढे मात्र अभ्यासही थंडावला, तपासण्याही थंडावल्या. थांबायचं ते तपासण्यासाठी, एवढं तरी व्हायला हवं होतं.

दरम्यान तेच तंत्र शेजारी गेलं. अमेरिकेच्या परदेशी मदतीच्या पैशातून कॉर्नेल विद्यापीठाने एक प्रकल्प चालवला होता, आणि महिकोने हा जनुक बांगलादेशच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेला स्वामित्वशुल्क न घेता दिला होता. त्या संस्थेच्या गाजीपूरच्या शास्त्रज्ञांनी तो तिथल्याच वाणांत उतरवला. ऑक्टोबर 2013 मध्ये मंजुरी मिळाली. जानेवारी 2014 मध्ये कृषिमंत्री मतिया चौधुरी यांच्या हस्ते वीस शेतकऱ्यांना रोपं मिळाली. चार-पाच वर्षांत हा आकडा हजारोंच्या घरात गेला.

यात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. ही वांगी संकरित नाहीत, सरळ वाणाची आहेत. शेतकरी पिकलेलं फळ फोडून बी धुतो, राखेत घोळून वाळवतो आणि पुढच्या साली लावतो. दरसाल दुकानाची पायरी चढायला नको. मदतीच्या नावाखाली एखादं तंत्र गरीब देशात आलं की मी आधी हेच बघतो, दुसऱ्या वर्षाचं बी कुणाच्या हातात राहतं?

आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने वायव्य बांगलादेशात 1200 शेतकऱ्यांबरोबर पाहणी केली. फवारणीचा खर्च 47 टक्क्यांनी उतरला आणि हाती लागलेला माल 42 टक्क्यांनी वाढला. पण पहिल्याच हंगामात काही शेतांत झाडं मर रोगाने वाळली, हेही सांगायला हवं. बीटी मर रोग थांबवत नाही, पांढरी माशी थांबवत नाही. ते एका अळीपुरतं आहे.

आता वांगं बाजूला ठेवून कपाशीकडे येतो. पऱ्हाटीवर आपण स्वतः पोळलेले आहोत.

2002 साली बीटी कपाशी आली आणि सुरुवातीची वर्षं खरोखर बरी गेली. हिरव्या बोंडअळीने आधी लोकांना रडवलं होतं, ती आटोक्यात आली. पिशवीसोबत एक छोटं पाकीट यायचं, आठवतंय? 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅम साधं बी. शेताच्या कडेने पाच ओळी साध्या कपाशीच्या लावा, असं त्यावर लिहिलेलं असायचं. ते पाकीट किती जणांनी लावलं? कुणी बांधावर टाकलं, कुणी गोठ्यात ठेवलं. माझ्या ओळखीच्या एकाने मला सरळ सांगितलं, ‘अळीला खायला घालायला का जी शेत ठेवू?’

त्याचं बोलणं चुकीचं वाटत नाही, कारण त्या पाच ओळींचा हिशेब त्याला कुणी उलगडून सांगितलाच नव्हता. बीटीच्या शेतात लाखात एखादी अळी विष पचवून जगते. तिचा पतंग झाला आणि त्याला तसाच दुसरा जोडीदार मिळाला, तर पिल्लंही विष पचवणारी निघतात. पण कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढलेल्या असतील, तर त्या एकट्याची सोयरीक साध्याशीच होण्याची शक्यता जास्त. त्यांची पिल्लं पुन्हा बहुतेक बीटीला बळी पडतात. म्हणजे त्या पाच ओळी आपण सोयरिकीसाठी सोडलेल्या.

हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, मिरचीवर जाते. तिच्यासाठी शिवारभर आपसूक अशा ओळी होत्या. गुलाबी बोंडअळी मात्र कपाशीशिवाय फारसं काही खात नाही. तिला साध्या जोडीदारासाठी जागाच उरली नाही. वर आपण फरदड ठेवली. डिसेंबर संपला, जानेवारी गेला, होळी आली तरी पऱ्हाटी उभीच, दोन वेचे जास्तीचे मिळतात म्हणून. अळीला बारमाही बिऱ्हाड मिळालं. आधी गुजरातेत आणि मग आपल्याकडे तिने बीटी पचवलं. 2017 सालचा खरीप विदर्भ विसरणार नाही. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, पण फवारणी कमी व्हावी म्हणून आणलेल्या पिकात हे घडलं.

याच अळीशी अमेरिकेत ॲरिझोनाचे कापूसवालेही झुंजत होते. 1996 पासून त्यांनी बीटी लावलं आणि साध्या कपाशीचे पट्टे नियमाने राखले, कारण तिथे तपासणी व्हायची. 2006 पासून त्यांनी आणखी एक गंमत केली. कारखान्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग वाढवायचे, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचं आणि विमानातून शेतांवर सोडायचं. रानातल्या पतंगांचा संसार वांझांशी लागला की पिल्लं होत नाहीत. सापळ्यात पतंग सापडला तर तो आपला की रानातला हे ओळखता यावं म्हणून त्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग घालायचे. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. जनुक आपल्याकडे होता त्याच जातीचा. अळीही तीच, जिची पहिली शास्त्रीय नोंद आपल्या भडोचच्या कपाशीवरून झाली होती.

अर्थात तिथला शेतकरी मोठ्या क्षेत्राचा आणि दोन-पाच एकरवाल्याला कडेच्या ओळी सोडणं जड जातं, हे मला मान्य आहे. म्हणून तर साधं बी आता पिशवीतच मिसळून देऊ लागले आहेत. पण फरदड काढून टाकणं कुठल्याही पिशवीत येत नाही. ते गावाने मिळून ठरवायचं काम आहे. एका शेतकऱ्याने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर पतंगाला बांध दिसत नाही.

बांगलादेशच्या वांग्याचीही मला हीच काळजी वाटते. ती पोखरणारी अळीही बहुतांशी वांग्यावरच जगते. सध्या तिथे साधी वांगी पुष्कळ लावतात, म्हणून निभावतंय. ज्या दिवशी सगळं शिवार बीटी होईल, त्या दिवसापासून त्यांचाही हिशेब सुरू होईल.

येत्या हंगामात पेरणीनंतर दीड महिन्याने कपाशीच्या शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे सापळे, लावा. सलग तीन दिवस सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ-आठ पतंग आले की कृषी सहायकाला दाखवा, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची का, हा विषय दिवाळीआधीच ग्रामसभेत काढा. नमस्कार.